खटल्यानंतरच्या रखमाबाई

रखमाबाई हे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकींना खटला आठवतो. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी, नांदायला जाण्यास तिने दिलेला नकार, नवऱ्याची फिर्याद, मुंबई हायकोर्टाचा निकाल, आणि नांदण्यापेक्षा तुरुंग बरा हा तिचा निश्चय. २०१६ साली त्यांच्या आयुष्यावर मराठी चित्रपट निघाला, तेव्हापासून ही हकिकत नव्या मुलींच्याही कानावर गेली आहे. ती थोर आहे यात शंका नाही. पण खटला मिटला तेव्हा रखमाबाईंचे वय होते अवघे २३, आणि त्या वारल्या नव्वदी ओलांडून. मधल्या सदुसष्ट वर्षांत त्यांनी काय केले, हे विचारले तर डॉक्टर झाल्या एवढ्या दोन शब्दांत आपण मोकळ्या होतो. स्मरणिकेसाठी लेख द्या असे चिटणीसबाईंनी फर्मावले, तेव्हा मी ठरवले की या दोन शब्दांच्या पोटात काय आहे तेच या खेपेस भगिनींपुढे मांडावे. माझे म्हणणे असे की, नाही म्हणायला जेवढे धैर्य लागले, त्याहून अधिक पुढच्या पाच-सहा वर्षांना लागले असले पाहिजे. त्या वर्षांत टाळ्या वाजवायला कोणी नव्हते, आणि सभोवार साथीचा रोग होता.

आधी थोडे घरचे सांगते. रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई तेव्हा सतरा-अठरा वर्षांची पोर. सुतार समाजात पुनर्विवाहाला मोकळीक होती, म्हणून काही वर्षांनी जयंतीबाईंचे लग्न डॉक्टर सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी झाले. पहिल्या नवऱ्याकडून आलेली मिळकत त्यांनी लेकीच्या नावे करून दिली. पुढल्या खटल्यात या मिळकतीचाही विषय निघाला, पण तो आता सोडून देऊ.

सखाराम अर्जुन हे गृहस्थ जाणून घेण्याजोगे आहेत. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. औषधी झाडपाल्याचा त्यांचा अभ्यास मोठा होता. १८८३ साली मुंबईत निसर्गाचा अभ्यास करणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या आठ संस्थापकांत हिंदी माणसे दोनच होती. एक डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि दुसरे हे. अशा घरात रखमाबाई वाढल्या. शाळा सुटली तरी पुस्तके सुटली नाहीत. मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून त्यांनी घरी बसून इंग्रजी पक्के केले. पंडिता रमाबाईंनी १८८२ त काढलेल्या आर्य महिला समाजाच्या बैठकींशीही त्यांचा संबंध आला. आपल्या मंडळासारखीच ती एक जागा होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

खटल्याची हकिकत आटोपशीर सांगते. दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झाले तेव्हा ते १९ वर्षांचे होते. त्यांनी शिकावे, असा सखाराम अर्जुनांचा आग्रह होता. ते झाले नाही. पुढे १८८४ साली दादाजींनी बायकोला नांदायला पाठवा म्हणून वकिलाची नोटीस धाडली आणि प्रकरण कोर्टात गेले. १८८५ च्या एप्रिलात सखाराम अर्जुन वारले, निकाल ऐकायला ते उरले नाहीत. त्याच सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यावर गहजब झाला, अपील झाले, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. लोकमान्यांचा केसरी त्यांच्या विरुद्ध होता, बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या बाजूला होते. विलायतेतल्या वर्तमानपत्रांपर्यंत हे वादळ पोहोचले. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकुमाची बजावणी करणार नाही असे कबूल केले. त्यांनी पुढे दुसरे लग्न केले. रखमाबाईंनी केले नाही.

आता खरा विषय. वय २३, घरात दुसऱ्यांदा विधवा झालेली आई, नाव देशभर गाजलेले, निम्मे लोक शिव्या देणारे. अशा वेळी एखादी बाई निवांत राहिली असती तर तिला कोणी बोल लावला नसता. रखमाबाईंनी ठरवले की विलायतेला जाऊन डॉक्टरी शिकायची.

त्या काळी हे किती अवघड वाटले असेल, ते एका तारखेवरून ध्यानात येईल. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चात अमेरिकेत डॉक्टर झाल्या, परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. रखमाबाईंवरचा हुकूम त्यानंतर सहाच दिवसांनी झाला. म्हणजे मराठी घरांतून आनंदीबाईंचे दुःख अजून ओले होते. परदेशची थंडी, शाकाहारी अन्नाची आबाळ, रात्रंदिवस अभ्यास, आणि शेवटी हे फळ. कोणत्या आईने दुसऱ्या मुलीला त्या वाटेने जाऊ दिले असते? जयंतीबाईंनी जाऊ दिले. रखमाबाईंच्या धैर्याचे पोवाडे आपण गातो, पण या माउलीचा एक फोटोसुद्धा आपल्या कोणाच्या डोळ्यांपुढे नसतो, याची मला नेहमी रुखरुख वाटते.

डॉक्टरीची वाट दाखविली ती डॉक्टर एडिथ पीची यांनी. १८६९ मध्ये एडिंबरोच्या विद्यापीठात ज्या सात मुलींनी वैद्यकाच्या वर्गात पाय ठेवला आणि मुलांची दगडफेक व चिखलफेक सोसली, त्यांतल्या या एक. १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईला आल्या. शेठ पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून बायकांसाठी बायकांनीच चालविलेले इस्पितळ उभे राहात होते, त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यांचे यजमान हर्बर्ट फिप्सन हे वर सांगितलेल्या सोसायटीचे बरीच वर्षे चिटणीस होते. सखाराम अर्जुनांचे वर्तुळ आणि पीचीबाईंचे वर्तुळ असे एकमेकांत गुंतलेले होते. पीचीबाईंनी नुसता सल्ला दिला नाही, पैसा जमविण्याच्या कामालाही हात लावला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. तिकडे इंग्लंडात पार्लमेंटचे सभासद वॉल्टर मॅक्लारेन आणि त्यांच्या पत्नी ईव्हा यांनी पाठीशी राहण्याची हमी घेतली. चार लोकांच्या पैशावर शिकायला जाणे हेही एक ओझेच असते. नापास झाले तर केवळ आपली नव्हे, साऱ्या बाजूची नाचक्की. रखमाबाईंच्या बाबतीत तर अपयशाची वाट पाहणारे पुष्कळ होते.

१८८९ मध्ये त्या आगबोटीने विलायतेला गेल्या. योगायोग असा की नाशकात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजीही त्याच वर्षी ऑक्सफर्डला गेल्या. रखमाबाईंनी लंडनच्या बायकांच्या मेडिकल स्कुलात नाव घातले. हे विद्यालय सोफिया जेक्स-ब्लेक यांनी १८७४ मध्ये काढलेले. रखमाबाई गेल्या तेव्हा एलिझाबेथ गॅरेट अँडरसन त्याच्या प्रमुख होत्या. रोगी तपासायचे शिक्षण ग्रेज इन रोडवरच्या रॉयल फ्री इस्पितळात मिळे. त्या काळच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात शरीररचना, रसायन यांच्या जोडीला वनस्पतिशास्त्रही असे. तो तास चालू असताना रखमाबाईंना घरातल्या कोणाची आठवण येत असेल, हे सांगायला नको.

आणि त्यांच्या त्या पहिल्याच हिवाळ्यात साथ आली.

१८८९ च्या अखेरीस रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे तापाने लोक भराभर अंथरूण धरू लागले. या साथीला रशियन फ्लू असे नाव पडले. युरोपभर तोवर आगगाड्यांचे जाळे पसरले होते. माणसे जितक्या वेगाने जात, तितक्याच वेगाने ताप गेला. काही आठवड्यांत बर्लिन, पॅरिस, लंडन. जानेवारी १८९० मध्ये लंडनात तो ऐन भरात होता. पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी आजारी पडले, टपालखात्यातली माणसे एकामागून एक गैरहजर राहू लागली, दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. साथ एकदा येऊन गेली असेही झाले नाही. १८९१ च्या वसंतात ती परत आली, १८९२ च्या जानेवारीत आणखी एकदा. त्या खेपेस व्हिक्टोरिया राणीचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर न्यूमोनिया होऊन गेला. दोनच वर्षांपूर्वी तो मुंबई पाहून गेला होता, आणि त्याचे लग्न महिन्या-दीड महिन्यावर आलेले होते. राजवाड्यात ही तऱ्हा, मग चाळींत काय असेल? जगभरात मिळून सुमारे दहा लाख माणसे दगावली असा अंदाज आहे.

मला यात विशेष वाटते ते असे. साथ कशाने येते, हे शिकविणाऱ्यांनाच ठाऊक नव्हते. हवेत काही दोष उत्पन्न होतो आणि सगळे एकदम आजारी पडतात, असे म्हणणारा एक पक्ष होता. माणसापासून माणसाला रोग लागतो, असे म्हणणारा दुसरा. डॉक्टर फ्रँकलिन पार्सन्स यांनी गावोगावची माहिती गोळा करून १८९१ मध्ये सरकारला अहवाल दिला आणि दुसऱ्या पक्षाकडे कौल झुकविला. १८९२ मध्ये जर्मनीत फायफर नावाच्या शास्त्रज्ञाने या रोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, तेही पुढे चुकीचे ठरले. माणसाच्या फ्लूचा खरा विषाणू हाती लागायला १९३३ साल उजाडावे लागले. औषध म्हणाल तर क्विनाइन, अँटिपायरिन, ब्रँडी आणि विश्रांती. वैद्यकाची पहिली अक्षरे गिरविणाऱ्या मुलीने आपल्या गुरूंनाच असे अंधारात चाचपडताना पाहिले. एका परीने याहून चांगले शिक्षण नसेल.

आणखी एक गोष्ट जाता जाता. २००५ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूवेन येथील संशोधकांनी असा तर्क मांडला की १८८९ ची ती साथ बहुधा फ्लूची नसावीच. आज ज्याच्यामुळे साधी सर्दी होते, अशा कोरोना कुळातल्या एका विषाणूची ती पहिली चाल असावी. हे अजून सिद्ध झालेले नाही. पण २०२० मध्ये हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण त्याच पावसाळ्यात आमच्या घरात अशाच एका प्रवासाची तयारी चालू होती.

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी मुंबईत एमबीबीएस झालेली. पुढचे शिक्षण, तेही सार्वजनिक आरोग्याचे, तिला लंडनला घ्यायचे होते आणि त्या सप्टेंबरात तिचा वर्ग सुरू व्हायचा होता. घरात दोन तट पडले. माझ्या जावेचे म्हणणे, वर्षभर थांबली तर काय आकाश कोसळणार आहे? मुलीचे म्हणणे, साथ आहे म्हणून साथीचा अभ्यास पुढे ढकलायचा हे कुठले शहाणपण? दोघींचेही खरे होते, म्हणूनच भांडण मिटेना. अखेर ती गेली. ठराविकच विमाने सुटत होती, त्यांतल्या एकात बसून, तोंडावर दोन-दोन पट्ट्या बांधून. तिथे पहिले चौदा दिवस एका खोलीत कोंडून घ्यावे लागले. मी दिलेले मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी यांवर तिने ते काढले. पदवीचा पहिला तास तिने गादीवर बसून संगणकाच्या पडद्यावर ऐकला. वर्गातली मुले कोण कोण आहेत हे तिला चौकटींतून कळले. महिन्याभराने ती फोनवर मला म्हणाली की, आम्हाला शिकवणारेच रोज सकाळी नवे काही शिकून येतात. मी तिला रखमाबाईंच्या पहिल्या हिवाळ्याची हकिकत सांगितली. तिच्या आईला लेक रोज रात्री पडद्यावर दिसत तरी होती. जयंतीबाईंना पत्राची वाट अडीच-तीन आठवडे पाहावी लागे, आणि पत्रातली खुशाली हाती पडेपर्यंत जुनी झालेली असे.

रखमाबाईंनी या काळात नुसता अभ्यासच केला असे नाही. सप्टेंबर १८९० मध्ये लंडनच्या न्यू रिव्ह्यू या मासिकात त्यांनी हिंदुस्थानातल्या बालविवाहांविषयी लेख लिहिला आणि सरकारने कायदा करावा अशी मागणी केली. पुढल्याच मार्चात संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींचे वय दहावरून बारा झाले. बारा! आज वाचताना लाज वाटते, पण त्या बारासाठीसुद्धा केवढा झगडा झाला होता. कायद्यामागे अनेकांचे हात होते. त्यांतला एक हात रात्री हाडांची नावे पाठ करणाऱ्या विद्यार्थिनीचा होता.

परीक्षेची वाटही सरळ नव्हती. लंडनच्या रॉयल कॉलेजांनी आपल्या परीक्षा स्त्रियांना १९०९ पर्यंत खुल्या केल्या नाहीत. स्कॉटलंडातल्या एडिंबरो आणि ग्लासगोच्या कॉलेजांची जोडपरीक्षा मात्र १८८६ पासून खुली होती. म्हणून लंडनात शिकायचे आणि परीक्षेला उत्तरेकडे जायचे, असा अनेकींचा क्रम असे. रखमाबाईंनी १८९४ मध्ये ती परीक्षा दिली आणि त्या सनदशीर डॉक्टर झाल्या. त्यावर त्या थांबल्या नाहीत. बेल्जियममधल्या ब्रसेल्सच्या विद्यापीठात, आधीच डॉक्टर असलेल्या परदेशी लोकांना परीक्षा देऊन एम.डी. ही वरची पदवी घेता येई, आणि तिथे बाई की पुरुष हे पाहात नसत. इंग्लंडातल्या कित्येक डॉक्टरणींनी हाच मार्ग धरला. रखमाबाईंनीही ब्रसेल्सची एम.डी. मिळविली.

त्या पदवीच्या वेळीही युरोपात निश्चिंती नव्हती. फ्लू अधूनमधून डोके वर काढीत होता. त्यातच पटकीची साथ. १८९२ मध्ये एकट्या हॅम्बुर्ग शहरात दोन-अडीच महिन्यांत साडेआठ हजारांवर माणसे तिने नेली. नदीचे पाणी न गाळता नळाला सोडले होते, हे त्याचे कारण. शेजारच्या आल्टोनाने पाणी गाळून घेतले होते, ते पुष्कळसे बचावले. साथीचे औषध बाटलीत असते तितकेच नळातही असते, हा धडा त्या पिढीच्या डॉक्टरांना असा डोळ्यांदेखत मिळाला. आणि १८९४ च्या जूनमध्ये, रखमाबाई शिकून बाहेर पडत होत्या त्याच वर्षी, हाँगकाँगला येर्सिन या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधला. बातमी हजारो मैल दूरची. पण हाँगकाँगहून मुंबईला बोटी येतच होत्या.

परत आल्यावर रखमाबाई सुरतेला बायकांच्या इस्पितळात मुख्य डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. मुंबई सोडून सुरत का, असे कोणी विचारील. काम तिथे होते, हे एक उत्तर. मला दुसरेही दिसते. मुंबईत त्या जन्मभर खटल्यातली बाईच राहिल्या असत्या. सुरतेत त्या डॉक्टरीणबाई झाल्या.

पहिल्या काही महिन्यांत सुरतेच्या बायका इस्पितळाची पायरी चढायला तयार नसत. बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून, हीच रीत. इस्पितळात गेलेली परत येत नाही असा समज. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी आणून इस्पितळात तिची सुटका केली आणि ती पिलांसह सुखरूप असल्याचे बायकांना दाखविले, अशी आख्यायिका आहे. मला ती आवडते. विलायतेची आणि ब्रसेल्सची पदवी गाठीला असलेली बाई शेळीच्या बाळंतपणाला बसते, याला खरी विद्या म्हणावे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला. गाठीचा ताप म्हणून आपल्या आज्या ज्याचे नाव घ्यायला भीत, तो हाच. लवकरच तो सुरतेलाही पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. (२०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात हाच कायदा पुन्हा वापरला गेला, हे आपल्याला आठवत असेल.) त्या कायद्याच्या जोरावर घरांच्या झडत्या, आजाऱ्यांना उचलून छावणीत नेणे, सामान जाळणे सुरू झाले. गाठ काखेत किंवा जांघेत येते. ती पाहायची म्हणून परक्या पुरुषांनी बायकांना तपासावे, हे लोकांना सहन होईना. पुण्यात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. जूनमध्ये रँडचा खून झाला. या सगळ्या संतापात एक साधी गोष्ट उघड झाली. बायकांना तपासायला बायकाच हव्यात, आणि शिकलेल्या बायका सबंध इलाख्यात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

सुरतेत तशी एक होती. प्लेगच्या त्या वर्षांत रखमाबाईंनी जागा सोडली नाही. ज्यांना पैसा होता ते गावे सोडून शेतांत झोपड्या बांधून राहिले, कित्येक घरांतून आजाऱ्याला पाणी द्यायला माणूस उरले नाही. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत स्वतःच्या अंगावर टोचून घेऊन प्लेगची लस सिद्ध केली होती, पण लोक तिलाही भीत. परदेशात शिकताना पाहिलेल्या साथी इथे उपयोगी पडल्या असणारच. गर्दी मोडणे, हवा खेळती ठेवणे, पाणी स्वच्छ ठेवणे, आणि सर्वांत मोठे म्हणजे घाबरलेल्या माणसाजवळ जाऊन बसणे. या सेवेबद्दल त्यांना पुढे कैसर-इ-हिंद पदक मिळाले. प्लेग काही एका वर्षात गेला नाही. वीस-बावीस वर्षे तो घुटमळत राहिला आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्याने नेली. रखमाबाईंची सुरतेतली जवळजवळ सारी नोकरी त्याच्या सावलीत झाली.

मध्येच एक गोष्ट घडली, ती मला अजून उलगडलेली नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला त्यांनी जन्मभर लग्न मानले नाही, ज्याच्यासाठी तुरुंगात जायची तयारी केली, त्याचे वैधव्य मात्र त्यांनी उघडपणे धारण केले. कोणी म्हणतात, जुने संस्कार. कोणी म्हणतात, सुरतेच्या सनातनी घरांत पांढरी साडी नेसलेल्या बाईला निर्धोक शिरकाव मिळे, म्हणून ती व्यवहारी निवड. आमच्या मंडळाच्या मंगळवारच्या वाचनात यावर अर्धा तास वाद झाला होता. वयस्क भगिनींना ते पटले, तरुणींना राग आला. मला वाटते, आपण ज्यांना थोर म्हणतो त्यांना सगळीकडून आपल्या मापाचे असण्याची सक्ती करू नये.

पहिली स्त्री डॉक्टर कोण, हाही असाच एक वाद. आनंदीबाईंना पदवी आधी मिळाली, पण रोगी तपासायला आयुष्य मिळाले नाही. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली रखमाबाईंच्या बऱ्याच आधी डॉक्टरी करू लागल्या होत्या. तेव्हा पहिलेपणाचा मान रखमाबाईंना देण्याचा हट्ट आपण सोडावा. पस्तीस वर्षे अखंड काम केले, हा मान काय कमी आहे?

१९१८ मध्ये सरकारच्या स्त्री-वैद्यकीय सेवेत येण्याचे बोलावणे त्यांना आले. त्यांनी ते नाकारले आणि राजकोट संस्थानच्या जनाना इस्पितळाचे काम पत्करले. वय त्रेपन्न. तेच वर्ष त्या दुसऱ्या, भयंकर फ्लूचे. हिंदुस्थानात त्या साथीत किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत, आणि त्यांत तरुण बायकांचे, विशेषतः गरोदर बायकांचे, फार हाल झाले. विद्यार्थिनी म्हणून लंडनात पहिल्या हिवाळ्यात जो ताप शहराला लोळविताना पाहिला, त्याच नावाचा ताप तीस वर्षांनी काठेवाडात दाराशी आला. औषध अजूनही सापडलेले नव्हते. फरक इतकाच की आता आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरीणबाईंच्या मागे तेवीस-चोवीस वर्षांचा अनुभव होता.

राजकोटला त्यांनी रेडक्रॉसची शाखाही उभी केली. बाराएक वर्षे तिथे काम करून त्या मुंबईला परतल्या. निवृत्त होताना, १९२९ मध्ये, त्यांनी एक छोटे पुस्तक काढले. विषय पडद्याची चाल बंद करावी हा. पस्तीस वर्षे जनान्याच्या इस्पितळांत काम केलेल्या बाईने ते लिहिले, याला महत्त्व आहे. पडद्याआड सूर्यप्रकाश न मिळालेल्या, क्षयाने झिजलेल्या, उशिरा आणलेल्या किती बायका त्यांच्या हाताखालून गेल्या असतील! सासऱ्याच्या परवानगीची वाट पाहता पाहता बाळंतीण हातची गेली, असे प्रसंग त्या काळच्या प्रत्येक डॉक्टरीणबाईच्या वाट्याला येत.

पुढची पंचवीस वर्षे त्या मुंबईत गावदेवीला शांतपणे राहिल्या. स्वातंत्र्य आलेले त्यांनी पाहिले. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला आणि नको असलेल्या लग्नातून सुटण्याचा हक्क हिंदू बाईला कायद्याने मिळाला. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, डॉक्टर रखमाबाई वारल्या.